मेलेला नायक परत येतो तेव्हा



गोष्टीतला नायक मेला, गोष्ट संपली, आपण डोळे पुसून उठलो. मग काही वर्षांनी गोष्ट सांगणाराच म्हणाला, ‘थांबा, तो उठून बसला आहे. पुढची गोष्ट ऐका.’ अशा वेळी त्या पहिल्या शेवटाचं काय होतं? तो खोटा ठरतो का? आज मला याच प्रश्नावर आपल्याशी बोलायचं आहे. वरवर पाहिलं तर हा पोरखेळ वाटेल. पण थोडं मागे लागलं की हा प्रश्न आपल्या कीर्तनापर्यंत जातो, मोहरमच्या ताजियापर्यंत जातो आणि आपल्या वऱ्हाडातल्या एका फार दुखऱ्या जागेवरही बोट ठेवतो.

माझ्यापर्यंत हा प्रश्न आला तो जपानमधून, शेजारच्या अकरावीतल्या मुलामार्फत. आजकाल अमरावती-अकोल्याची पोरंही मोबाईलवर जपानी चित्रमालिका पाहतात. त्यांना ‘ॲनिमे’ म्हणतात. कार्टून म्हटलेलं या पोरांना खपत नाही, आणि त्यांचं खरंच आहे. त्यातली एक गाजलेली मालिका ‘कोड गियास’. २००६ ते २००८ या काळात जपानी दूरचित्रवाणीवर तिचे पन्नास भाग झाले. दिग्दर्शक गोरो तानिगुची. गोष्ट अशी. ब्रिटानिया नावाच्या साम्राज्यानं जपान जिंकून घेतलं आहे. त्या साम्राज्याचाच एक टाकून दिलेला राजपुत्र, लेलूश, मुखवटा घालून बंड उभारतो. कुणालाही एकदा हुकूम देऊन तो पाळायला लावण्याची शक्ती त्याला मिळालेली असते. शेवटी तो स्वतःच सम्राट होतो आणि जाणूनबुजून जुलूम करतो, इतका की जगातला सगळा द्वेष त्याच्या एकट्यावर गोळा व्हावा. मग ठरल्याप्रमाणे त्याचा जिवलग मित्र सुझाकू तोच जुना मुखवटा घालून येतो आणि भर मिरवणुकीत त्याच्या छातीत तलवार खुपसतो. द्वेष त्याच्याबरोबर संपावा आणि जगानं नव्यानं सुरुवात करावी, हा त्याचा बेत. त्या बेताची किंमत म्हणजे त्याचं स्वतःचं मरण.

ही गोष्ट सप्टेंबर २००८ मध्ये संपली. फेब्रुवारी २०१९ मध्ये याच दिग्दर्शकाचा चित्रपट आला, त्याच्या नावातच लेलूशचं पुनरुज्जीवन होतं. मुलगा मला म्हणाला, “काका, तो मेला तेव्हा मी रडलो होतो. मग ते रडणं फुकट गेलं का?”

प्रश्न फार सरळ होता. म्हणूनच त्याचं उत्तर सरळ देता येईना.

आता गंमत पाहा. मेलेला माणूस गोष्टीत परत उठतो, हे आपल्याला काही नवीन नाही. सावित्रीनं सत्यवानाला परत आणलं. महाभारतात अश्वमेधाच्या वेळी अर्जुन आपल्याच मुलाच्या, बभ्रुवाहनाच्या हातून पडतो आणि उलूपी नागमण्यानं त्याला उठवते. हरिश्चंद्राचा रोहिदास मरतो आणि जिवंत होतो. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली आपला पहिला चित्रपट काढला तो याच हरिश्चंद्रावर. त्यात रोहिदासाचं काम त्यांच्याच मुलानं, भालचंद्रानं केलं होतं. पुढे १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला, तोही हरिश्चंद्राचाच. म्हणजे आपल्या सिनेमानं डोळे उघडले तेच एका परत उठलेल्या मुलाच्या गोष्टीवर.

आणि चिलया! आमच्याकडे देवळाच्या ओट्यावर कीर्तन असलं की गावातली सगळीच पोरं पुढे जाऊन बसत. त्यात आम्हीही असू, आम्हाला कुणी उठवत नसे. श्रीधरस्वामींनी शके १६४० मध्ये, म्हणजे १७१८ साली, बारामतीला ‘शिवलीलामृत’ पूर्ण केलं. त्याच्या चौदाव्या अध्यायात श्रियाळ राजा, चांगुणा राणी आणि त्यांचा चिलया येतो. अतिथी दारात येतो आणि मुलाचंच मांस मागतो. आईनं काळजावर दगड ठेवून तेही केलं. तरी तिनं बाळाचं शिर बाजूला ठेवलं होतं. अतिथी म्हणतो, ते आण, उखळात कांड, आणि डोळ्यातून पाणी काढू नकोस. ती कांडते. मग तो म्हणतो, निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही, तुझ्या मुलाला हाक मार. ती हाक मारते आणि चिलया धावत येतो.

चिलया उठणार हे त्या ओट्यावरच्या प्रत्येक म्हातारीला पाठ असायचं. तरी उखळाच्या प्रसंगाला पदर डोळ्याला लागायचाच. आणि चिलया धावत आला म्हणून कुणी उठून विचारलं नाही, ‘बुवा, मग आम्ही रडलो ते फुकट का?’

का नाही विचारलं? मला यात दोन कारणं दिसतात.

पहिलं असं की ती पहिल्यापासून परीक्षेची गोष्ट आहे. मागणारा देव आहे हे ऐकणाऱ्याला माहीत असतं. परीक्षा म्हटली की निकाल आलाच. चिलयाचं उठणं हाच त्या गोष्टीचा शेवट. आधी एक शेवट जाहीर करून मग तो मागे घेतला, असं तिथं होत नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याला माहीत असलं तरी चांगुणेला माहीत नसतं. ती मुसळ उचलते तेव्हा तिचं मूल तिच्यापुरतं कायमचं गेलेलं असतं. तिनं द्यायचं ते पूर्ण दिलं. चिलया नंतर परत आला, पण तिनं मुसळ उचललं होतं ही गोष्ट काही परत जात नाही. आपण रडलो ते तिच्यासाठी, आणि म्हणून ते रडणं शाबूत राहतं.

आता दुसऱ्या तऱ्हेचं परतणं पाहू. आर्थर कॉनन डॉयलनं डिसेंबर १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाखच्या धबधब्यात ढकलून दिलं. त्याला होम्सचा कंटाळा आला होता. वाचक चिडले, मागे लागले. आधी १९०१ मध्ये त्यानं होम्सची एक जुनी, मरणाआधीची हकिकत म्हणून कादंबरी सुरू केली. शेवटी १९०३ मध्ये होम्स चक्क जिवंत परत आला. लोकांनी ते मानून घेतलं, याचंही कारण आहे. डॉयलनं प्रेत कधी दाखवलंच नव्हतं. वॉटसननं पावलांच्या खुणा पाहिल्या, चिठ्ठी वाचली आणि मित्र गेला असं समजलं. दार लोटलेलं होतं, पण कडी लागलेली नव्हती.

आपल्या घरातलं उदाहरण हवं असेल तर मिहीर विराणी आठवा. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ २००० साली सुरू झाली. मिहीर मेला तेव्हा घराघरात सुतक पडल्यासारखं झालं होतं. प्रेक्षकांनी एवढा आकांत केला की २००१ मध्ये तो परत आला, आठवण हरवलेला. बायामाणसं खूश झाली. पण त्यानंतर काय झालं ते बघा. मालिकेत एखाद्याच्या फोटोला हार चढला की पाहणारीच म्हणू लागली, “थांब, येईल हा परत.” ‘क्योंकि’ २००८ मध्ये संपली आणि २०२५ च्या जुलैत ती मालिकाच नव्यानं सुरू झाली! एक नायक परत आल्यानं त्या एका मरणाचं फारसं बिघडत नाही. पण त्यानंतरच्या सगळ्या मरणांची धार जाते.

पण प्रेक्षकांच्या या हट्टाला हसू नये. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये शेवटी निरपराध कॉर्डेलिया मरते आणि म्हातारा बाप तिचं प्रेत उचलून आणतो. नेहम टेट नावाच्या नाटककारानं १६८१ मध्ये तो शेवट बदलला. कॉर्डेलिया जगते, तिचं लग्न होतं, लिअरला राज्य मिळतं. इंग्रजी रंगभूमीवर जवळजवळ दीडशे वर्षं लोक हाच गोड ‘लिअर’ पाहत होते. १८३८ मध्ये मॅक्रेडी या नटानं शेक्सपिअरचं मूळ नाटक पुन्हा रंगमंचावर आणलं. सॅम्युअल जॉन्सनसारख्या पंडितानंही लिहून ठेवलं आहे की कॉर्डेलियाच्या मरणाचा त्याला इतका धक्का बसला होता की संपादनाचं काम पुढ्यात येईपर्यंत ती शेवटची दृश्यं त्याला पुन्हा वाचवली नाहीत. तेव्हा नायक जगावा असं वाटणं हे अडाणीपणाचं लक्षण नाही. ते मायेचं लक्षण आहे. प्रश्न एवढाच की ती माया गोष्टीनं कुठवर ऐकायची?

आमच्या विदर्भाच्या मातीशी जोडलेलं एक नाव इथं घेतो. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेरला गेले. त्यांचं ‘एकच प्याला’ त्यानंतर रंगभूमीवर आलं. सिंधू मरते. तिचं तान्हं मूल मरतं. सुधाकर विष घेतो. बालगंधर्वांच्या सिंधूवर महाराष्ट्र जीव टाकत होता. ‘सिंधूला जगवा’ असं कितीजणांच्या मनात आलं असेल! पण सिंधू जगली असती तर सुधाकराला शेवटचा प्याला उतरल्यावर घर सापडलं असतं. मग त्या नाटकात दारूनं काय नेलं? काहीच नाही. सिंधूचं मरण हाच त्या नाटकाचा हिशेब आहे. तो खोडला तर वही कोरी.

आणि आता मोहरम. हिजरी सन ६१, मोहरमची दहा तारीख, इसवी सन ६८०. कर्बलाच्या मैदानात हजरत इमाम हुसैन आणि त्यांचे बहात्तर साथी तहानलेले शहीद झाले. सहा महिन्यांचा अली असगरही त्यात गेला. ही हकिकत तेराशे वर्षांहून जास्त काळ दर साली सांगितली जाते. लखनौच्या मीर अनीसनं एकोणिसाव्या शतकात याच एका दिवसावर आयुष्यभर मर्सिये लिहिले. ऐकणाऱ्या प्रत्येकाला शेवट ठाऊक असतो. चिलयाच्या वेळी तो उठणार हे ठाऊक असतं, इथं कुणीही उठणार नाही हे ठाऊक असतं. आमच्या वऱ्हाडात गावोगाव ताजिये बसत आले, सवाऱ्या निघत आल्या, त्यांना हिंदूंचे नवस असत, सरबताच्या पाणपोया दोघं मिळून लावत. चिलयासाठी रडणारी म्हातारी ताजियापुढेही ऊद टाकून जायची. तिनं कधी विचारलं नाही की तुमच्या गोष्टीत ते बाळ का उठत नाही? दोन्ही गोष्टींची रीत वेगळी आहे, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

शहीदांना मेलेले म्हणू नका, ते जिवंत आहेत, असं कुराण सांगतं. श्रद्धा तीच आहे. पण म्हणून कुणी मर्सियात त्यांना उठवून मदिन्याला घरी पाठवत नाही. त्यांचं जिवंत असणं ते मरण जसंच्या तसं आठवण्यात आहे.

यातून माझ्या हाती जे लागतं ते असं. मरण गोष्टीत कशासाठी आलं, हे आधी विचारावं. ते परीक्षा म्हणून आलं असेल तर परीक्षा संपल्यावर जीव परत देता येतो. ते चकवा म्हणून आलं असेल, होम्ससारखं, तर चकवा उलगडता येतो. पण मरण किंमत म्हणून दिलं असेल, साक्ष म्हणून दिलं असेल, तर ते मागे घेता येत नाही. दुकानात पैसे मोजले, माल घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी पैसेही परत घेतले, तर त्याला खरेदी कोण म्हणेल?

लेलूशचं मरण किंमतीचं होतं. म्हणून शेजारच्या मुलाची तक्रार खोटी नाही. तरी न्याय करायचा तर दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. त्या चित्रपटवाल्यांनी काही पथ्यं पाळली आहेत. हा चित्रपट २००८ च्या मालिकेला थेट जोडलेला नाही. मालिकेची गोष्ट काही फरक करून तीन चित्रपटांत पुन्हा सांगितली गेली, त्यांच्या पुढचा हा चित्रपट आहे. जुना शेवट ज्याला हवा त्याच्यासाठी तो जागेवर आहे. शिवाय लेलूश परत आला तरी त्याला सिंहासन मिळत नाही. जगाच्या लेखी तो मेलेलाच राहतो. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्या बहिणीबरोबरही तो राहत नाही. नाव टाकून तो निघून जातो. म्हणजे किंमत पुरती परत घेतलेली नाही, थोडी सूट घेतली आहे असं म्हणू. मी असतो तर ती सूट घेतली नसती. पण त्या माणसांनी निदान हिशेबाची वही उघडून ठेवली, हे कबूल केलं पाहिजे.

आणि त्या मुलाचं रडणं? ते फुकट गेलं नाही. तो रडला तेव्हा त्याच्यासमोर एका माणसानं आपला जीव दिला होता आणि देताना परतीचं तिकीट काढलेलं नव्हतं. चांगुणेसारखंच. गोष्ट सांगणाऱ्याला पुढची पानं जोडता येतात. ऐकणाऱ्यानं त्या रात्री जे अनुभवलं ते त्याला परत घेता येत नाही. मी त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “पण काका, आता दुसऱ्यांदा पाहिलं तर रडू येणार नाही.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नुकसान झालंय ते तिथंच, दुसऱ्यांदा पाहण्यात.

श्रोतेहो, आता त्या दुखऱ्या जागेकडे येतो. काही वर्षांपूर्वी एका गावात मी तरुण मुलांची एकांकिका पाहिली. विषय शेतकरी आत्महत्येचा. आपल्या पश्चिम विदर्भात, अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांत, हा विषय कल्पनेतून काढावा लागत नाही. २००१ पासूनच्या सरकारी नोंदी हजारोंनी आहेत. पोरांनी मनापासून काम केलं. कर्ज, नापिकी, कापसाचा भाव, सावकार, मुलीचं लग्न. शेतकरी जातो. बायको हंबरडा फोडते. मंडप सुन्न. आणि मग पडद्यामागून आवाज येतो, शेतकरी उठतो, समोर येतो आणि हात जोडून सांगतो की बंधूंनो, मी केलं तसं करू नका. टाळ्यांचा कडकडाट.

माझ्या बाजूला खाली सतरंजीवर एक बाई बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारणीला हळूच म्हणाली, “माह्या घरचा काई उठला नाई, बाप्पा.” एवढंच. ना राग, ना तक्रार.

पोरांचा हेतू वाईट नव्हता. उपदेश करायचा तर तोंड हवं, म्हणून त्यांनी मेलेल्याला तोंड दिलं. पण त्या उठण्यानं दोन गोष्टी झाल्या. मंडपातल्या आम्हा सगळ्यांना बरं वाटलं. आमच्यावरचं ओझं उतरलं, आम्ही टाळ्या वाजवून मोकळे झालो. आणि जिला खरोखर ओझं होतं ती एकटी पडली. ज्याच्या मरणाचा जाब गावाला, सरकारला, सावकाराला विचारायचा, तोच उठून स्वतःला दोष देऊन गेला. जाब विचारणारं कुणी उरलंच नाही.

मला तेव्हा गाडगेबाबा आठवले. बाबा आमच्याच मातीतले. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला जन्मले, अकोला जिल्ह्यात दापुऱ्याला मामाकडे वाढले, आणि २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला. कर्ज काढून सण-लग्न करू नका, हे त्यांनी जन्मभर कानीकपाळी ओरडून सांगितलं. १९२३ मध्ये ते कोकणात खारेपाटणला कीर्तन करत असताना त्यांचा मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. ज्या कीर्तनपरंपरेत चिलया उठतो, रोहिदास उठतो, गोरोबांचं मातीत तुडवलं गेलेलं बाळ उठतं, त्याच परंपरेतल्या माणसाचं स्वतःचं मूल गेलं होतं. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. आपला मुलगा कुठं तरी परत येईल असा दिलासा स्वतःला दिला नाही आणि लोकांनाही नाही. गेलेला गेला असं मानून, जे समोर बसले आहेत त्यांच्याशी ते बोलत राहिले.

मला वाटतं, आमच्या एकांकिका लिहिणाऱ्या पोरांना हा धडा पुरे आहे. चिलयाची गोष्ट सांगायची तर चिलयाला खुशाल उठवा. ती त्या गोष्टीची रीतच आहे. गुप्तहेर मेला असेल आणि प्रेत सापडलं नसेल, तर आणा परत, लोक आनंदानं पाहतील. पण आमच्या शिवारात जो गेला त्याला नाटकातही उठवू नका. त्याला पडूनच राहू द्या, पडदा पडेपर्यंत. बोलायचंच असेल तर त्याच्या बायकोला बोलू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेच्या कागदावर अंगठा कुठं करायचा, पंचनाम्याला आलेल्यांना चहा कशाचा द्यायचा, जमीन कोणाच्या नावावर होणार, पोराची फी कुठून भरायची, हे तिला विचारू द्या. गोष्ट तिथून पुढे चालू शकते. नायक मेल्यावरही गोष्ट चालू ठेवायची असेल तर मेलेल्याला उठवणं हा एकच रस्ता नसतो. जे मागे राहिले त्यांच्याकडे वळता येतं.

टाळ्या कदाचित कमी पडतील. पण खाली सतरंजीवर बसलेल्या बाईला ती गोष्ट आपली वाटेल.

 

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)